सलाईनच्या चाकावरचं बोट

गोटीरामभाऊ सापाला भ्यायचे नाहीत, रक्ताला भ्यायचे नाहीत, मोठ्या सरांच्या शिव्यांना तर मुळीच नाहीत. भ्यायचे ते फक्त सलाईनच्या रिकाम्या बाटलीला. बाटलीच्या तळाशी चार बोटं पाणी उरलं की त्यांचा जीव खालीवर व्हायला लागायचा. दुसरी बाटली आधीच काखेत धरून उभे! मी म्हणायची, "अहो भाऊ, अजून अर्धा तास जाईल ती." त्यावर ते नुसते बाटलीकडे बघत राहायचे.

मी प्रतिभा. मुंबई नाक्याच्या पुढे वीस खाटांचं एक हॉस्पिटल होतं, तिथे मी सतरा वर्षं सिस्टर होते. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका. मी फटकळ आहे, सगळं गाव जाणतं, पण काही गोष्टी पोटात ठेवायच्या असतात. आज सांगतेय तीसुद्धा इतकी वर्षं पोटातच होती.

गोटीरामभाऊ तिथल्या ऑपरेशन थिएटरचे वॉर्डबॉय. बॉय म्हणे! मिशा पिकायला लागल्या होत्या माणसाच्या. मूळचे मखमलाबादचे, माळ्याच्या घरातले. त्यांच्या घरात मेथी-कोथिंबीर पिकायची, आणि भाऊ सातव्या-आठव्या वर्षापासून वडील आबांबरोबर दारं धरायला जायचे. म्हणजे फावड्याने माती सारून पाटाचं पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं. चार भावांत जमीन वाटली गेल्यावर भाऊ हॉस्पिटलात चिकटले. पण पाण्याचं वेड काही सुटलं नाही. सलाईनच्या नळीवर ते बारीक चाक असतं ना, ज्याने थेंब कमी-जास्त होतात, त्यावर त्यांचं बोट असं बसायचं की घड्याळ न बघता मिनिटाला किती थेंब पडतात ते सांगायचे. मी दोनदा मोजून पाहिलं. बरोबर निघालं, मग नाद सोडला.

त्यांची एक पद्धत होती. रिकामी झालेली बाटली ते कधी फेकायचे नाहीत. पेशंटच्या स्टँडलाच सुतळीने उलटी टांगून ठेवायचे, एकाखाली एक. कुणीही दारातून डोकावलं तरी किती पाणी गेलं ते कळावं. मोठे सर, म्हणजे आमचे सर्जन, हसायचे, "गोटीराम, दुकान मांडलंस का?" पण चार्ट भरताना आम्ही सगळ्या सिस्टर त्या सुतळीकडेच बघायचो. चार्टवर चूक होईल, भाऊंच्या सुतळीवर नाही.

ही भीती त्यांना लागली ब्याण्णव साली. दिंडोरीकडचा गेणू नावाचा एक गडी आला होता. आतड्याला पीळ पडलेला, तीन दिवस उलट्या, डोळे खोल गेलेले. घरच्यांनी आधी पोट चोळलं, मग अंगारा लावला, मग आणला. भाऊ तेव्हा नवीन होते. त्यांना बाटलीपाशी उभं केलेलं, आणि कुणीतरी हाक मारली, ऑक्सिजनचा सिलेंडर आण. सिलेंडर ढकलत ते परत आले तर बाटली कोरडी, नळीत हवा, आणि गेणूच्या हाताची शीर बसून गेलेली. दुसरी शीर मिळेपर्यंत खेळ आटोपला. सरांनी साफ सांगितलं, "हा आला तेव्हाच गेलेला होता, गोटीराम. तुझा दोष नाही." खरंच होतं ते. पण भाऊंनी ते ऐकलंच नाही. त्यांना तेवढी कोरडी बाटलीच दिसत राहिली.

आणि त्या काळी आमच्याकडे रीतच होती. पोट उघडलं की पाणी सोडा. आतडं उघडं असतं, सुकतं, लघवी कमी झाली तर अजून सोडा. पाच, सात, नऊ बाटल्या. दुसऱ्या दिवशी पेशंटचं तोंड सुजून भोपळा व्हायचं आणि नातेवाईक खूश! "बघा, सलाईन अंगी लागली, तब्येत भरली." आम्हीही मान हलवायचो. कोण कुणाला सांगणार?

दोन हजार तीनमध्ये भुलेच्या नवीन डॉक्टर आल्या, सुवर्णा गायधनी. तिशीची पोर, स्कूटरवर चार हॉस्पिटलं करायची. पहिल्याच आतड्याच्या ऑपरेशनला भाऊंनी चौथी बाटली काढली तशी म्हणाली, "ठेवा ती. नको."

भाऊ जागच्या जागी थिजले. "मॅडम, लघवी कमी हाय."

"असू दे. ऑपरेशनच्या दिवशी शरीर पाणी धरून ठेवतं, लघवी कमीच होते. आपण ओतत गेलो तर ते शिरेत राहत नाही, भाऊ. आतड्याच्या भिंतीत मुरतं, फुप्फुसात उतरतं. आतडं फुगलं की टाके ताणतात आणि जोड सुटतो. कोरडंही ठेवायचं नाही आणि बुडवायचंही नाही. मोजून द्यायचं. घाबरून द्यायचं नाही."

भाऊंनी मान डोलावली. पण मी शेजारी उभी होते. थिएटरात एसी चालू आणि त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. वर्षभर ते मॅडमचं ऐकत राहिले. पेशंट लवकर उठायला लागले, लवकर घरी जायला लागले, हे त्यांनीही पाहिलं. डोक्याला पटलं हो, पण बोटाला पटेना.

मग दोन हजार चारच्या जानेवारीत त्यांची बायको आजारी पडली, चतुराबाई. म्हणजे आजारी ती केव्हाचीच होती, सांगत नव्हती. जेवलं की पोटात मुरडा, पोट फुगायचं, उलटी झाली की बरं वाटायचं. बाई काटकी झाली. वजन अडतीस किलो. तपासण्या केल्या तर आतड्याचा टीबी, एका जागी आतडं आवळून पेन्सिलीएवढं झालेलं. सर म्हणाले, तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडावी लागतील.

त्या दिवसापासून भाऊंचा चेहरा बघवेना. डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. मला एकदा पायऱ्यांवर गाठून म्हणाले, "ताई, लोकांच्या बायकांना टेबलावर झोपवताना मला काय बी वाटलं नाय. आता लय भ्या वाटतंय." मी म्हटलं, "सर आहेत, मॅडम आहेत, मी आहे." मी आहे, असं म्हणाले मी. लक्षात ठेवा.

ऑपरेशन मंगळवारी सकाळी झालं. सरांनी भाऊंना आत येऊ दिलं नाही. ते दाराच्या गोल काचेला नाक लावून उभे. आत सगळं छान झालं. मॅडमनी अंगात रक्त कमी म्हणून एक पिशवी रक्त दिलं, तीन बाटल्या सलाईन दिलं, बस. एक वाजता चतुराबाईंना शेजारच्या खोलीत आणलं. मॅडम मला म्हणाल्या, "सिस्टर, आता मिनिटाला पंचवीस थेंब. एक बाटली सहा तास पुरली पाहिजे. लघवी कमी होईल, घाबरायचं नाही. काही वाटलं तर मला फोन करा, चाकाला हात लावायचा नाही." हे बोलताना नजर माझ्याकडे होती, पण शब्द भाऊंसाठी होते. ते खाटेच्या पायथ्याशी उभे होते. मॅडम स्कूटरला किक मारून दुसऱ्या हॉस्पिटलात गेल्या.

दोन वाजता भाऊ मला शोधत आले. "ताई, लघवीची पिशवी कोरडी हाय."

"कोरडी नाही, पंधरा मिली आहे. मॅडमनी काय सांगितलं?"

"गेणूची बाटली बी अशीच कोरडी व्हती."

"गेणूचं वेगळं होतं! तो तीन दिवसांचा सुकून आला होता. चतुराबाईंना सगळं मोजून दिलंय. बसा गुपचूप." जरा जोरातच बोलले मी. माझ्याकडे त्या दिवशी सात पेशंट, त्यात अंबडच्या कारखान्यातला एक बोट चिरडलेला ओरडत होता.

तीन वाजता मी खोलीत गेले. स्टँडला एक रिकामी बाटली उलटी टांगलेली, ती थिएटरमधून लावून आणलेली. दुसरी चालू, वरच्या रेघेपर्यंत भरलेली. बरं म्हटलं, चार्टवर तासाचे ऐंशी मिली लिहिले. चार वाजता पुन्हा गेले. टांगलेली बाटली एकच. चालू बाटली पुन्हा वरच्या रेघेपर्यंत भरलेली.

आता एका तासात बाटली जराही उतरत नाही, असं कधी होतं का? बालवाडीतलं पोरही सांगेल. मी बाटलीकडे पाहिलं. मग भाऊंकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चतुराबाई डोळे मिटून पडल्या होत्या, आणि भाऊंचा एक हात त्यांच्या कपाळावर होता, दुसरा नळीवर. खाटेखाली चतुराबाईंची कापडी पिशवी, सकाळी त्यात एक लुगडं आणि तांब्या होता, ती आता टम्म फुगलेली.

मी पुन्हा चार्टवर ऐंशी लिहिलं आणि बाहेर आले.

का? मलाच मी हजारदा विचारलंय. बायकोच्या उशाशी बसलेल्या माणसाचा हात धरायची माझी छाती झाली नाही, असं मी स्वतःला सांगत आले. तेही खरं. पण त्याहून खरं असं की तीनच्या ओळीत मी न मोजता आकडा लिहिला होता. भाऊंना विचारलं असतं तर तोही उघडा पडला असता. मी माझ्या सहीला भ्याले.

साडेपाचला खोलीतून हाक आली. हाक नव्हे, किंकाळी. मी धावले. चतुराबाई उठून बसायचा प्रयत्न करत होत्या, पोटावर ताजे टाके, आणि बाई उठून बसतेय! "दम... दम लागतोय..." ओठ निळसर, बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी, छातीत घरघर. भाऊ नुसते "चतुरा, चतुरा" करत होते. त्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

सर आले. त्यांच्या मागोमाग मॅडम, हेल्मेट हातातच. सरांनी नाडी धरली, पिशवीतली लघवी पाहिली, पोटावर हात ठेवला. "नाडी एकशे तीस, लघवी नाही. आत रक्त सुटलं असणार. उघडून बघावं लागेल. थिएटर लावा, आणि तोवर ती बाटली जोरात सोडा."

मॅडम पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकत होत्या. "सर, एक मिनिट. दोन्ही फुप्फुसांत पाणी वाजतंय. हे जास्त पाण्याचं वाटतंय." त्यांनी चार्ट उचलला. "पण दुपारपासून गेलंय फक्त साडेतीनशे. एवढ्याने असं होणार नाही." मग त्या माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, हे आकडे बरोबर आहेत ना?"

समोर चतुराबाई मासळीसारखी तोंड उघडून श्वास ओढतेय. आता पाणी जोरात सोडलं तर ती त्यातच बुडणार, आणि पुन्हा भूल देऊन पोट उघडलं तर टेबलावरून उठेल की नाही, सांगता येत नव्हतं. हे सगळं मला कळत होतं. शब्द दोनच लागत होते, नाहीत मॅडम.

मी म्हणाले, "हो मॅडम."

सरांचा हात चाकाकडे गेला. तेवढ्यात भाऊ खाली वाकले आणि खाटेखालची पिशवी त्यांनी ओढून काढली. लुगडं बाजूला केलं आणि रिकाम्या बाटल्या एकेक करून फरशीवर मांडल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. लुगड्यात गुंडाळलेल्या, आवाज होऊ नये म्हणून. सहावी स्टँडवर अर्धी झालेली.

"सर, हात लावू नका चाकाला. चार्ट खोटा हाय. मी सोडलं. लघवीची पिशवी कोरडी दिसली, मला दम धरवंना. अजून एक, अजून एक असं करत..." ते सरांच्या आणि स्टँडच्या मध्ये येऊन उभे राहिले. "मला नोकरीवरनं काढा, पोलिसात द्या. पर तिला परत फाडू नका. तिला काय झालं नाय, मी बुडवली तिला."

सर एवढे लाल झाले की मला वाटलं आता मारतात. "मूर्खा! बारा वर्षं काय गवत उपटलंस का इथे? आणि सिस्टर, तुम्ही काय करत होतात?"

मी तोंड उघडलं, पण भाऊ आधी बोलले. "ताईंना ठावं नव्हतं सर. त्यांच्या नजरेआड केलं मी."

खोलीत तेवढ्यात कोण काय बोललं हे नंतर कुणाला आठवलंही नसेल, कारण मॅडम कामाला लागल्या होत्या. त्यांनी चाक घट्ट बंद केलं. चतुराबाईंना उशांवर टेकवून बसवलं, तोंडाला मास्क दाबून ऑक्सिजन, शिरेत लघवी होण्याचं इंजेक्शन. "आता थांबायचं," म्हणाल्या. "सर, अर्धा तास द्या. लघवी सुटली आणि श्वास सुधारला, तर पोट उघडायची गरज नाही."

तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. भाऊ भिंतीला पाठ लावून खाली बसले होते, दोन्ही हात काखेत दाबून, जणू हातांचाच भरवसा उरला नव्हता. मी चतुराबाईंचा मास्क धरून उभी. कुणाची नजर लघवीच्या पिशवीवरून हलत नव्हती. दहा मिनिटं झाली. पंधरा. काही नाही. सरांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी मनात काळारामाला नवस बोलले, आणि बोलताना लाज वाटली, कारण नवस चतुराबाईंसाठी किती आणि माझ्यासाठी किती, ते माझं मला कळत होतं.

अठराव्या मिनिटाला नळीतून एक पिवळी धार पिशवीत उतरली. मग ती थांबेचना. तीनशे, पाचशे, आठशे. चिमट्यावरचा आकडा अठ्ठ्याऐंशी, नव्वद, चौऱ्याण्णव. सात वाजता चतुराबाईंनी मास्क हाताने बाजूला सारला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "हे खाली काहून बसलेत?"

भाऊ हुंदके देऊन रडायला लागले. सर बाहेर गेले.

आतड्याचा जोड टिकला. चार दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून त्या पोटाकडे बघत होतो, कारण फुगलेल्या आतड्यावरचा टाका कधी दगा देईल नेम नसतो. पाचव्या दिवशी घोट घोट पाणी द्यायची परवानगी मिळाली. भाऊ वाटी-चमचा घेऊन बसले, पण हात पुढे जाईना. तोवर चतुराबाईंना सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, "मेथीच्या वाफ्यात एवढं पाणी तुंबवलं असतं, तर आबांनी तुमच्या कानफटात हाणली असती. माळ्याच्या घरातले ना तुम्ही? द्या आता चमचाभर, का तेवढं बी नाय?" सगळी खोली हसली. भाऊ हसले नाहीत.

सरांनी त्यांना काढून टाकलं होतं. पंधरा दिवसांनी मॅडम सरांशी भांडल्या. "खरं बोलणाऱ्याला घालवलंत तर उद्या दुसरा कुणी बोलेल का?" भाऊ परत आले, पण थिएटरमध्ये जायला तयार होईनात. कपडे धुवायच्या खोलीत काम मागून घेतलं. पुढे मॅडमनीच ओढून आणलं. त्यानंतर ते बाटली लावायचे आणि दोन पावलं मागे सरायचे. चाक फिरवायची वेळ आली की मला हाक मारायचे, "ताई, आकडा मोठ्यानं सांगा." मी मोठ्याने सांगायची. चार्टवर न मोजता लिहिलेला आकडा त्यानंतर माझ्या हातून एकही गेला नाही. पण ही फुशारकी नाही, भीती आहे.

मॅडमना मी खरं कधी सांगितलं नाही. रोज ठरवायची, रोज राहून जायचं.

दोन हजार सातमध्ये मी नोकरी सोडली. निरोपाचा चहा झाल्यावर भाऊ मला रिक्षापर्यंत सोडायला आले. मखमलाबादहून आणलेली मेथीची जुडी पिशवीत घालून दिली. मला राहवेना. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी चार वाजता मी पाहिलं होतं. भरलेली बाटली पाहिली होती, पिशवीसुद्धा."

"ठाव हाय ताई. आपली नजरानजर झाली व्हती."

"मग सरांना खोटं का सांगितलंत? माझं नाव घ्यायचं होतं ना! मी तर तुमच्या बायकोचा जीव जाताना 'हो मॅडम' म्हणाले."

भाऊंनी रिक्षावाल्याला हाताने थांब म्हटलं.

"ताई, मला तर सर तवाच हाकलणार व्हते. तुमचं बी नाव घेतलं असतं तर तुमाला बी हाकललं असतं. मंग रातच्याला तिच्याकडं बघायला कोण राहिलं असतं?"

रिक्षावाला घाई करत होता. मी बसले. सीबीएस बसस्टँडपर्यंत मेथीची जुडी मांडीवर धरून नुसती रडत होते.